प्रतिबल-नियंत्रित रिओमीटर : जीर्ण होणाऱ्या जेलच्या अभ्यासासाठी कितपत उपयोगी?

टूथपेस्ट, दाट पायस (इमल्शन), चिकणमातीचे जेल अशा मृदू काचसदृश (काचेसारखी अव्यवस्थित रचना असलेल्या, पण मऊ) पदार्थांच्या चाचण्यांसाठी आम्ही हा रिओमीटर, म्हणजे पदार्थावर ठरावीक प्रतिबल (प्रति क्षेत्रफळ बल) लावून तो किती विरूपित होतो किंवा वाहतो हे मोजणारे उपकरण, वापरत आहोत. माहितीपत्रकात सूक्ष्म टॉर्क (पिळाचा जोर) मोजण्याच्या क्षमतेचे केलेले कौतुक रास्तच आहे. मात्र या पदार्थांच्या बाबतीत उपकरणाची कसोटी वेळेच्या हिशेबावर लागते. लॅपोनाइट या कृत्रिम चिकणमातीच्या साधारण 25 ते 30 नॅनोमीटर व्यासाच्या आणि 1 नॅनोमीटर जाडीच्या चकत्यांचे पाण्यातील निलंबन नुसते ठेवले, तरी त्यांची रचना बदलत राहते आणि त्याचा स्थितिस्थापकता गुणांक (कडकपणा) वाढत जातो; हेच जीर्णन. जोरदार कर्तनाने (थर एकमेकांवर सरकवण्याने) हे जीर्णन बऱ्याच अंशी पुसले जाते, म्हणून प्रत्येक चाचणीपूर्वी नमुना तसा ‘तरुण’ करून तिथून वय मोजावे लागते.

नेमके इथेच सॉफ्टवेअर कमी पडते. त्याचे घड्याळ पूर्वकर्तन (चाचणीपूर्वीचे हे कर्तन) थांबल्यापासून सुरू न होता चाचणीचा टप्पा सुरू झाल्यापासून चालते. त्यामुळे वेगवेगळ्या प्रतीक्षाकाळानंतरचे विसर्पणाचे (स्थिर प्रतिबलाखाली हळूहळू वाढणाऱ्या विरूपणाचे) आलेख एकमेकांवर सरकवून बसवायचे झाल्यास (स्ट्रुइक यांची 1978 मधील पद्धत मूलतः बहुवारिकांसाठी (पॉलिमरांसाठी) होती, पण इथेही ती उपयोगी पडते) वेळेची दुरुस्ती हाताने करावी लागते.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. सोलिच, लेक्यू, एब्रो आणि केट्स यांच्या मृदू काचसदृश पदार्थांविषयीच्या 1997 च्या प्रतिमानाशी (सैद्धांतिक मॉडेलशी) निष्कर्ष ताडून पाहण्यासाठी कमी वारंवारतेच्या दोलनांची मोजमापे लागतात. 0.001 हर्ट्झला एकच आवर्तन सुमारे 17 मिनिटे चालते आणि तेवढ्या वेळात नमुन्याचे वयही वाढते. तरीही सॉफ्टवेअर कोणतीही सूचना न देता अनेक आवर्तनांची सरासरी काढते. सुदैवाने अनेक वारंवारता एकाच वेळी देण्याची सोय आहे आणि ती उत्तम चालते.

नमुना ज्यांच्यामध्ये धरला जातो, त्या रिओमीटरच्या खडबडीत पृष्ठभागाच्या चकत्या वेगळ्या घ्याव्या लागतात, पण त्यांना पर्याय नाही, कारण गुळगुळीत चकत्यांवर जेल भिंतीलगत घसरते आणि ते वाहू लागण्यासाठी लागणारे प्रतिबल प्रत्यक्षाहून कमी दिसते. बाष्परोधक झाकण साधारणच आहे. दीर्घ चाचणीत नमुना कडेने वाळला की ते वाळणेच जीर्णन म्हणून नोंदले जाते. कडेला पातळ सिलिकॉन तेलाचा थर देणे अधिक विश्वासार्ह ठरले.

ज्यांचे काम केवळ श्यानता (वाहण्याला होणारा विरोध) मोजण्यापुरते आहे, त्यांना या यंत्राची गरज नाही. जीर्णनाचा अभ्यास करणाऱ्यांनी ते जरूर घ्यावे, मात्र खरेदीपूर्वी स्वतःच्या नमुन्यावर पूर्वकर्तनासह पूर्ण चाचणी करून दाखवण्याचा आग्रह धरावा.