ताऱ्यातलं अभिसरण: मिश्रण-लांबी घ्यावी की त्रिमितीय सिम्युलेशन?

अभिसरण म्हणजे उष्ण वायू वर चढून उष्णता वाहून नेणं. ते मिश्रण-लांबीच्या ढोबळ सूत्राने मांडता येतं, किंवा वायूचा प्रवाह तिन्ही मितींत सोडवणाऱ्या सिम्युलेशनने. ताऱ्याची जन्मापासूनची वाटचाल काढायची असेल, तर मिश्रण-लांबीला पर्याय नाही. सूर्याच्या पृष्ठावरचे दाणे, म्हणजे वर आलेल्या उष्ण वायूचे ठिपके, सुमारे 10 मिनिटांत विरतात आणि सूर्याचं वय आहे 4.57 अब्ज वर्षं. इतका काळ त्रिमितीय गणितात बसतच नाही. ते पृष्ठाजवळचा काही हजार किलोमीटरचा ठोकळा घेऊन थोडाच काळ चालतं.

मिश्रण-लांबीत उष्ण वायूचा पुंजका दाब-उंचीच्या (दाब सुमारे 2.7 पट घटायला लागणाऱ्या अंतराच्या) α पट अंतर चढून विरतो. हा α सिद्धांतातून निघत नाही, सूर्यावर बसवावा लागतो. एका सौरवस्तुमानाचं मॉडेल 4.57 अब्ज वर्षं चालवा आणि आरंभीचं हेलियम, जड मूलद्रव्यं व α बदलत त्रिज्या, प्रकाशशक्ती आणि पृष्ठावरचं जड मूलद्रव्यांचं हायड्रोजनशी गुणोत्तर जुळवा. मग अभिसरण-थराचा तळ पाहा. सर्बानी बसू आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे एच. एम. अँटिया यांनी 1997 मध्ये सूर्याच्या कंपनांवरून तो 0.713 सौरत्रिज्येवर दाखवला.

दुसऱ्याच्या शोधनिबंधातला α उचलू नका. वातावरणासाठी एडिंग्टनऐवजी कृष्णस्वामींचं तापमान-सूत्र (खोलीनुसार तापमान कसं बदलतं ते सांगणारं) घेतलं, तरी सूर्यावर बसणारा α वाढतो. जुना तसाच ठेवला तर त्रिज्या चुकते आणि दोष भलत्याच भौतिकीवर जातो.

त्रिमितीय गणितात α नसतो. वर्णरेषांचे आकार, दाण्यांची चमक आणि पृष्ठाजवळचा प्रक्षुब्ध दाब (खळबळत्या वायूचा दाब) तिथे आपसूक येतो. मिश्रण-लांबीच्या मॉडेलांत हा दाब नसतो. उच्च वारंवारतेची कंपनं त्यामुळेही निरीक्षणांहून सरकलेली दिसतात. कंपनांवरून ताऱ्याचं वय काढणाऱ्यांनी म्हणून पृष्ठ-दुरुस्ती, म्हणजे हा फरक भरून काढणारी दुरुस्ती, लावावीच.

सूर्याच्या दीडपट वा त्याहून जड तारा असेल, तर α वर वेळ घालवू नका. तिथे महत्त्वाचं अभिसरण गाभ्यात असतं, आणि गाभ्यात तापमानाचा उतार जवळजवळ रुद्धोष्म (वायूने बाहेर उष्णता न देता-घेता येणारा) असतो, α बदलून तिथे काही हलत नाही. खरा प्रश्न गाभ्याच्या सीमेचा. अभिसरण कुठवर चालतं हे ठरवायचे दोन निकष आहेत: श्वार्झशिल्ड निकष फक्त तापमान-उतार पाहतो, लेदू निकष रासायनिक उतारही मोजतो. सीमा अभिसरणाच्या बाजूने तपासली, तर दोन्ही निकषांनी गाभ्याची कड एकच यायला हवी. वेगळी आली तर आधी कोडची सीमा-शोधण्याची पद्धत तपासा.

चढता वायू वेगामुळे सीमा ओलांडतो, त्या सीमेपलीकडच्या मिसळणीसाठी 0.2 दाब-उंची हा रुळलेला आकडा आहे. मात्र 1.2 सौरवस्तुमानाच्या ताऱ्यात तो आंधळेपणाने लावू नका. केंद्राकडे दाब-उंची अनंताकडे जाते, त्यामुळे इवल्याशा गाभ्याभोवती अवाढव्य मिसळण होते, हायड्रोजन जास्त पुरतो आणि ताऱ्याचं आयुष्य खोटं वाढतं. अशा वेळी मिसळणीची जाडी गाभ्याच्या त्रिज्येच्या ठरावीक अंशापुरतीच ठेवा.