पॉइंट इसाबेल : तीन ऋतूंनंतर, आणि कुसळांबद्दल जरा जास्तच

माझ्या कुत्र्याच्या, बंड्याच्या, पुढच्या पंजातून एक कुसळ काढायला व्हेटने चारशे डॉलरच्या वर घेतले. घुसलं होतं ते दुसरीकडेच, एका टेकडीवरच्या पायवाटेवर. तेव्हापासून टेकड्या बंद, आणि आमची गाडी कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठी असलेल्या रिचमंडच्या पॉइंट इसाबेल या पार्ककडे वळली. हिवाळा, वसंत आणि उन्हाळा तिथे काढून झाला, म्हणून आता लिहितेय.

जागेचं वर्णन बे एरियातल्या कुत्रेवाल्यांना नको. खाडीकाठ, समोर गोल्डन गेट, पट्टा सोडून पळायची मुभा, पुलापलीकडे नॉर्थ पॉइंट इसाबेल. प्रवेश फुकट, पार्किंग फुकट. हे पार्क चालवणाऱ्या ईस्ट बे रीजनल पार्क डिस्ट्रिक्ट या सरकारी संस्थेच्याच काही पार्कांत गाडीचे पैसे आणि वर कुत्र्याचे वेगळे घेतात, म्हणून मला याचं फार अप्रूप. 1934 मध्ये, ऐन मंदीत, ईस्ट बेमधल्या मतदारांनी स्वतःवर कर लावून घेऊन हा डिस्ट्रिक्ट उभा केला. घरपट्टीतला तेवढा आकडा मी आनंदाने भरते.

आता कुसळं. इथे पाऊस हिवाळ्यात, त्यामुळे गवत वसंतात हिरवंगार असतं. मेच्या सुमाराला ओंब्या वाळतात आणि कुसळं सुटायला लागतात. कुसळाला बारीक उलटे काटे असतात. ते पुढेच सरकतं, मागे येत नाही, आणि अंगात विरघळतही नाही. बंड्याच्या दोन बोटांमध्ये वाटाण्याएवढी लाल गाठ आली होती आणि तो ती सारखी चाटत होता. आत अख्खं कुसळ निघालं. नाकात गेलं तर शिंकांवर शिंका येतात, कानात गेलं तर डोकं झटकणं थांबत नाही. अशा वेळी दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

इसाबेलची मधली हिरवळ कापलेली असते, तिथे बिनधास्त सोडा. न कापलेल्या कडांना मात्र उन्हाळ्यात आम्ही फिरकत नाही. निघताना बंड्याला डिकीत बसवून चारही पंज्यांची बोटं फाकवून बघते, मग काखा, मग कान. चिमटा आणि बारीक कंगवा गाडीतच असतो.

प्रवेशापाशी कुत्र्यांना आंघोळ घालायची सोय आहे. सुरुवातीला मला तो उगाचचा खर्च वाटायचा, घरी काय नळ नाही? पण ओहोटीच्या वेळी बंड्या पोटापर्यंत काळ्या चिखलात लोळून आला, आणि त्या दिवसापासून हिवाळ्यात तिथले पैसे मी मुकाट देते. गाडीच्या सीट वाचतात. शेजारच्या हॉफमन मार्श या पाणथळ जागेत कुत्र्यांना बंदी आहे आणि ती योग्यच आहे, तिथे पक्षी राहतात. उन्हाळ्यात दुपारनंतर वारा बोचरा होतो, सकाळीच जा.

डिस्ट्रिक्टकडे मागणी एकच : पायवाटांच्या कडेचं गवत ओंब्या वाळायच्या आत, एप्रिलमध्येच कापा. जूनमध्ये कापलं की कुसळं जमिनीवर पसरतात, आणि मग कापून उपयोग काय?