स्ट्रिक्ट प्रायॉरिटी की डीडब्ल्यूआरआर?

नेटवर्क स्विचमध्ये पॅकेट्स, म्हणजे डेटाचे तुकडे, वेगवेगळ्या रांगांत थांबतात; आधी पाळी कुणाची, हे ठरवायच्या या दोन पद्धती. स्ट्रिक्ट प्रायॉरिटीत वरची रांग रिकामी होईपर्यंत खालच्यांची पाळीच येत नाही. चांदणी चौकात रुग्णवाहिकेला आधी वाट देतात, तसं. आवाजाच्या पॅकेट्सना, म्हणजे डीएससीपी ४६ ला (डीएससीपी हा पॅकेटवरचा प्राधान्याचा शिक्का), हेच हवं. पण हिंजवडीत एका रात्री कुणीतरी बॅकअपवरही तोच शिक्का मारला आणि स्टोरेजच्या रांगेचा ड्रॉप काउंटर (टाकून दिलेल्या पॅकेट्सचा आकडा) माझ्या डोळ्यांदेखत धावत सुटला. तेव्हापासून वरच्या रांगेला शेपर, म्हणजे वेगाची मर्यादा, लावल्याशिवाय मी स्विच सोडत नाही.

डीडब्ल्यूआरआरमध्ये (डेफिसिट वेटेड राउंड रॉबिन) रांगांना आळीपाळीने पाळी मिळते आणि प्रत्येक रांगेला वजन, म्हणजे लिंकच्या क्षमतेतला ठरलेला वाटा, असतं. ६०:३०:१० दिलं, तर कितीही गर्दी झाली तरी शेवटच्या रांगेला १० टक्के मिळतातच. हिशेब बाइट्सचा, त्यामुळे मोठी पॅकेट्स जास्तीचा वाटा लाटत नाहीत. स्टोरेज, बॅकअप, वेब मी इथेच ठेवतो. आवाज मात्र नाही. पाळी येईपर्यंतचा उशीर कमीजास्त होतो आणि बोलणं तुटतं.