खाडीत आणि किनाऱ्यालगत हलका रॉड : एका हंगामाच्या वापरानंतर

ऑक्टोबरात मासे गरवायला घेतलेला सात फुटी स्पिनिंग रॉड आणि ३००० आकाराचं रील मेअखेरपर्यंत सतत वापरात होतं. ठिकाण बहुतेक वेळा एकच : देवबाग-तारकर्लीकडची कर्लीची खाडी, संगमाचं तोंड आणि बाहेरची जवळची खडपं, म्हणजे समुद्रातले खडक. होडी अर्ध्या दिवसाच्या भाड्याची, छोटी फायबरची, मागे लहान आउटबोर्ड इंजिन. असा संच घ्यायचा विचार करणाऱ्यांसाठी सविस्तर लिहितोय, कारण दुकानातल्या माहितीत वजन आणि बेअरिंगची संख्या मिळते, खाऱ्या पाण्यात महिनोन्महिने काय होतं ते मिळत नाही.

रॉड ७ ते २८ ग्रॅमच्या लुअरसाठीचा, म्हणजे नकली आमिषासाठीचा आहे. रीलवर पीई १.५ जाडीची, म्हणजे साधारण २० पौंड ताण सोसणारी ब्रेड (विणलेली लाइन), पुढे लीडर, म्हणजे ४० पौंडी फ्लोरोकार्बनचा जाड तुकडा, दोन्हींचा जोड एफजी नावाच्या गाठीचा. ही गाठ घरी बसून हात बसेपर्यंत बांधावी. हलत्या होडीत वारा असताना ती शिकता येत नाही.

हलकं म्हणून १० पौंडी ब्रेड घ्या, असं बरेच जण सुचवतात. कोकणातल्या खाडीसाठी मला ते अजिबात पटत नाही. तांबोशी (खाडीतला लाल मासा) लुअर तोंडात घेते त्याच क्षणी तिवरांच्या मुळांकडे वळते. तिथे तिला अडवलं नाही तर लाइन कालवांवर घासून तुटते आणि मासा तोंडात गळ घेऊन जातो. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मासा परत सोडायचा असेल तर तो लवकर होडीशी यायला हवा. दम संपेपर्यंत खेळवलेला मासा पाण्यात सोडल्यावर पोहत गेलेला दिसतो, पण पुढे जगेलच असं नाही, आणि एप्रिल-मेच्या कोमट पाण्यात तर त्याची शक्यता आणखी कमी. जिताडा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, त्यामुळे खाडीतला मोठा जिताडा म्हणजे बहुधा अंडी देणारी मादी. ती सोडायलाच हवी, आणि धडधाकट सोडायला हवी. म्हणून रॉड हलका असू द्या, लाइन फार बारीक नको.

संचातला सगळ्यात मोलाचा भाग ड्रॅग, म्हणजे मासा ओढतो तेव्हा लाइन ठरावीक ताणावर सुटू देणारा रीलमधला चकत्यांचा ब्रेक. ताणकाट्याला लाइन बांधून मी तो अडीच किलोच्या आसपास लावतो, म्हणजे लाइनच्या ताकदीच्या चौथ्या हिश्शाहून थोडा जास्त. या रीलचा ड्रॅग हंगामभर एकसारखा सुटत राहिला, कुठे अडकला नाही. ट्रेव्हली हा जोरकस मासा खडपाजवळ लागला की तो सरळ खाली दौड घेतो, तेव्हा रॉड मुठीपर्यंत वाकतो आणि सगळी मदार या चकत्यांवर असते. तो आनंद जाड रॉडला कधीच मिळत नाही. २० ग्रॅमचा जिग (धातूचा वजनदार लुअर) तळाला टेकलेला बोटांना कळतो, बारीक हेकरू माशाने दिलेला धक्काही कळतो.

तक्रार एकच, पण खरी. फेब्रुवारीत लाइन रोलर, म्हणजे लाइन ज्यावरून रीलमध्ये वळते ती छोटी चकरी, खरखरू लागला. आतलं बेअरिंग मिठाने धरलं होतं. रोज गोड्या पाण्याने धुऊनही हे झालं, कारण लाइनबरोबर येणारं खारं पाणी पिळून निघतं ते नेमकं याच जागी. बेअरिंग बदललं, तेव्हापासून महिन्यातून एकदा तिथे तेलाचा थेंब देतो. धुताना ड्रॅग घट्ट करायचा, पाणी नुसतं शिंपडायचं, जोराची धार मारायची नाही, नाहीतर मीठ आत ढकललं जातं. वाळल्यावर ड्रॅग सैल करून ठेवायचा. ब्रेडचा रंग लवकर उडाला, त्याने बिघडत नाही. पुढचा भाग लोंबकळत्या धाग्यांचा झाला की तेवढा कापतो. जानेवारीत सगळी ब्रेड उलटी करून भरली, त्यामुळे आतली कोरी बाजू वर आली.

सुरमईसाठी हा संच घेऊ नका. तिचे दात फ्लोरोकार्बन सहज कापतात. वायर लावली तर लुअरची चाल बिघडते आणि ट्रोलिंगचा, म्हणजे चालत्या होडीमागे लुअर ओढण्याचा, सततचा ताण या रॉडला सोसत नाही. त्याला वेगळा रॉडच हवा.

लुअरवर मी फार खर्च करणार नाही. चार इंची मऊ प्लॅस्टिकचे, १० ग्रॅमच्या जिगहेडवरचे (वजन जोडलेल्या गळावरचे), आणि एखाददोन मिनो, म्हणजे छोट्या माशाच्या आकाराचे कडक लुअर, पुरतात. मिनोचे कारखान्यातले तिहेरी गळ काढून मजबूत एकेरी गळ लावले, गळांच्या टोकाजवळचे उलटे काटेही दाबून टाकले. वाचलेले पैसे चांगल्या तांडेलावर, म्हणजे होडी चालवणाऱ्यावर, घाला. आमचे तांडेल इंजिन लांबच बंद करतात, होडी प्रवाहावर सोडतात आणि मी घाई केली की म्हणतात, "जरा थांबा, पाणी फिरूंदे." भरती संपून ओहोट लागते तेव्हा तिवरांतली कोळंबी आणि बारीक बोय बाहेर येतात, आणि मासे ओढ्याच्या तोंडाशी उभे असतात. पुनवेच्या-अवसेच्या उधाणात पाणी गढूळ होतं, लुअरला फारसं कोणी विचारत नाही. मला अष्टमीच्या आसपासचे भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे दिवस कितीतरी चांगले गेले. आमिष लावून गरवणाऱ्यांचं गणित वेगळं असेल.

घरी न्यायचा मासा मोजून घेतो. राज्य सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवून दिली आहे. तो नियम व्यापारी मासेमारी समोर ठेवून केलेला असला, तरी हौशी माणसाने तो पाळायला काहीच हरकत नसावी.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते. तेवढ्यात रील उघडून ग्रीस बदलून घेणार आहे आणि जास्तीचा एक स्पूल ३० पौंडी ब्रेडने भरणार आहे, तो फक्त तिवरांच्या कडेला तांबोशीसाठी.