पपी क्लास: सहा रविवार आणि माझे चाळणी झालेले हात

आधीच सांगते, क्लास लावायच्या आधी गुंड्याने माझ्या दोन्ही हातांची चाळणी केली होती आणि मी मनात पक्कं करून टाकलं होतं की आपल्या वाट्याला डेंजर कुत्रा आलाय. नऊ आठवड्यांचं एवढंसं पिल्लू, पण घोट्याला लटकलं की सोडायचं नाव नाही आणि संध्याकाळी सात वाजले की अंगात आल्यासारखं सोफा ते दार, दार ते सोफा, मधे जो येईल त्याला चावा. सगळे उपाय करून झाले होते. "आई गं" करून ओरडले तर त्याला वाटलं खेळ रंगलाय, अजून जोरात चावला. नाकावर टिचकी मारली (हे कधीच करू नका), तर पुढचे दोन दिवस हात नुसता पुढे केला तरी तो आधी चावायचा.

शेवटी आमच्या वेटने (प्राण्यांच्या डॉक्टरने) सांगितलं पपी क्लास लाव. घरच्यांचं म्हणणं लसीचे सगळे डोस होऊ देत मग बाहेर काढू. पण डोस संपेपर्यंत पिल्लू १६ आठवड्यांचं होतं आणि नवीन माणसं, आवाज, कुत्री बिनधास्त स्वीकारायचं वय साधारण ३ ते १४ आठवडे, म्हणजे तोवर गाडी निघून गेलेली. क्लासवाल्यांनी पहिला डोस होऊन किमान ७ दिवस झालेत का आणि जंताचं औषध दिलंय का ते कार्डावर बघितलं, मगच आत घेतलं. अमेरिकेतली प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या वेट लोकांची संघटना २००८ पासून हेच सांगतेय. जमीन पण दर वेळी औषधाने पुसलेली असायची, पार्व्होची (पिल्लांचा जीवघेणा संसर्गजन्य आजार) भीती होतीच ना.

पहिल्याच दिवशी ट्रेनर बाईंनी चावण्याबद्दल काही ऐकून न घेता विचारलं, झोपतो किती? मी मोजलं, जेमतेम बारा तास. म्हणाल्या, ह्या वयात १८ ते २० तास झोप लागते, तुमचं पिल्लू चिडकं नाहीये, दमलंय. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं, कारण माझी पोरगी लहान असताना झोप झाली नाही की घर डोक्यावर घ्यायची, हे मला पुरेपूर माहीत होतं आणि तरी कुत्र्याच्या बाबतीत सुचलं नाही. एक तास जागा की मग घरातल्या त्याच्या छोट्या कुंपणात झोप, पडदा ओढून, एवढंच केलं आणि आठवड्यात चावणं निम्म्यावर आलं. खरं सांगायचं तर फी इथेच वसूल.

बाकी निम्मं दुसऱ्या पिल्लांनी शिकवलं. गुंड्या पाच आठवड्यांचा असतानाच आईपासून तोडला होता (आम्हाला तेव्हा कळत नव्हतं, किमान आठ आठवडे भावंडांत राहू द्यायला हवं), त्यामुळे किती जोरात चावलं की समोरच्याला लागतं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. क्लासमधे त्याने एका तपकिरी पिल्लाचा कान धरला, ते कळवळलं आणि सरळ खेळ सोडून निघून गेलं, हा आपला बघतच राहिला. असं तीनदा झालं आणि मी महिनाभर घसा कोरडा करून जे सांगत होते ते त्याला कळलं. घरी पण तेच, जोरात चावला की न बोलता उठायचं, जाळीपलीकडे १५-२० सेकंद, परत यायचं. घरातल्या सगळ्यांनी केलं तरच हं, आमच्याकडे नवरा मधेच हाताने कुस्ती खेळायचा आणि सगळं मुसळ केरात.

सोशलायझेशन (पिल्लाला नवीन माणसं, आवाज, वस्तूंची सवय लावणं) म्हणजे दिसेल त्याने कुरवाळायचं असं मला वाटायचं. इथे उलटं. छत्री उघडली, हेल्मेटवाला माणूस आला, चाकाची बॅग खडखडत गेली, सगळं लांबून, सोबत खाऊ, जवळ जायचं की नाही ते पिल्लू ठरवणार. एक घाबरट पिल्लू दोन क्लास खुर्चीखालीच बसलं होतं, कुणाला ओढून काढू दिलं नाही, तिसऱ्या रविवारी स्वतःहून बाहेर आलं आणि आम्ही सगळे उगाच टाळ्या वाजवणार होतो, बाईंनी डोळे वटारले.

आता तक्रार. चौथ्या रविवारी बाई नव्हत्या, बदली ट्रेनरने दुसऱ्या बॅचचं चार-पाच महिन्यांचं धिप्पाड लॅब्रेडॉर आमच्या छोट्यांत सोडलं. त्याचा हेतू वाईट नव्हता, पण गुंड्या खाली दबला, शेपटी आत, आणि पुढच्या वेळी दारातूनच आत येईना. बाईंना सांगितल्यावर गट वेगळे केले, पण हे आधीच असायला हवं ना! आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निव्वळ फोटोंचा, प्रश्न टाकला की वर वाहून जातो.

५ पैकी ४ स्टार, एक त्या चौथ्या रविवारचा कापला. तुम्ही कुठलाही क्लास लावा, पण आधी विचारा की लहानमोठी पिल्लं वेगळी ठेवता का आणि एखादं लपून बसलं तर काय करता. उलटं पाडून दाबून धरा, मालक कोण ते दाखवा, असलं काही ऐकू आलं तर तिथूनच परत फिरा.

गुंड्या आता पाच महिन्यांचा आहे. दुधाचे २८ दात पडून ४२ यायचेत, त्यामुळे चप्पल अजून वरच्या फळीवर आणि त्याच्यासाठी फ्रीझरमधे ओल्या कापडाची गाठ. काल सोफ्याखाली झाडताना एक पडलेला दात सापडला, तांदळाच्या दाण्याएवढा. हाच तो माझ्या घोट्यातला, असं म्हणून डबीत ठेवलाय.