जर्मनीसाठी ‘फ्री’ कन्सल्टन्सी : पाचपैकी दोन स्टार

एफसी रोडच्या आसपास परदेशी शिक्षणाच्या कन्सल्टन्सींना तोटा नाही. त्यातल्या एकीचा हा रिव्ह्यू. नाव लिहीत नाही. मैत्रिणींचं ऐकलं तर शेजारच्या दारात गेले असते तरी फार वेगळं घडलं नसतं. मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, जर्मनीत मास्टर्स करायचंय. सोबत सांगलीहून पप्पा आले होते.

आधी चांगलं सांगते. मॅडम शांतपणे बोलतात, घाई करत नाहीत. एपीएस सर्टिफिकेट काय असतं (आपली शिक्षणाची कागदपत्रं खरी आहेत हे तपासल्याचा दाखला; भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं, फी १८,००० रुपये), ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधीच का भरायचे आणि तिथे गेल्यावर ते महिन्याला ९९२ युरो असे आपल्यालाच कसे मिळतात, हे पप्पांना मराठीत, कागदावर आकडे मांडून सांगितलं. एवढं सोपं करून मला यूट्यूबवर कुणी सांगितलं नव्हतं.

मग यादी आली. सगळेच्या सगळे कोर्स प्रायव्हेट, बरेचसे बर्लिनचे, फी वर्षाला दहा हजार युरोच्या वर. मी विचारलं, जर्मनीत सरकारी विद्यापीठात फी नसते ना? तर म्हणाल्या, “नसते, पण तुझ्या ८.१ सीजीपीएला पब्लिक अवघड आहे. इकडे ऑफर लेटर पटकन येतं.” पब्लिकच हवं असेल तर त्याचं पॅकेज वेगळं, आणि ते काही फ्री नाही.

पप्पांचं मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान आहे. इतका वेळ ते गप्प होते. म्हणाले, “मॅडम, आमच्याकडनं फी घेत नाही म्हणताय. मग तुमची अडत कोण देतं?” मॅडम हसल्या आणि सरळ म्हणाल्या, युनिव्हर्सिटीशी टाय-अप असतो. पप्पांना अडतीचं वावडं नाही, आमचं घर त्यावरच चालतं. पण आमच्याकडे अडत पट्टीवर लिहिलेली असते, इथे ती विचारल्यावर कळली. यादी तशी का होती तेही तिथेच कळलं. जर्मनीतली सरकारी विद्यापीठं एजंटला सहसा कमिशन देत नाहीत, मग फुकटच्या टेबलावर त्यांची नावं येणार कुठून?

८.१ चं म्हणाल तर रूमवर येऊन हिशोब केला. तिकडे गुण उलटे मोजतात, १ म्हणजे सर्वोत्तम, ४ म्हणजे जेमतेम पास. आपल्या सीजीपीएसाठी बव्हेरियन फॉर्म्युला वापरतात : दहातून आपला सीजीपीए वजा करायचा, दहातून पासिंग ग्रेड वजा करून जे येईल त्याने भागायचं, तीनने गुणून एक मिळवायचा. माझ्याकडे पासिंग ४, म्हणजे उत्तर १.९५. बऱ्याच सरकारी मास्टर्सची अट २.५ किंवा त्याहून चांगल्याची आहे. अवघड कुठे आहे?

पुढचं काम डाडच्या (परदेशी विद्यार्थ्यांना माहिती देणारी जर्मन संस्था; तिकडचे ‘डेआआडे’ म्हणतात, असो) वेबसाइटवर केलं. इंटरनॅशनल प्रोग्राम्सचा फुकटचा डेटाबेस आहे. मास्टर्स, विषय, इंग्रजी माध्यम आणि फी नसलेले कोर्स असे फिल्टर लावले की एका संध्याकाळचं काम. मात्र सरकारी म्हणजे सरसकट बिनफीचं, असंही नाही. स्टुटगार्ट आणि कार्ल्सरूहं आम्हा मेकॅनिकलवाल्यांची लाडकी गावं, पण ती बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात येतात आणि तिथे आपल्यासारख्यांना सेमिस्टरला १५०० युरो पडतात. म्युनिकच्या टीयूनेही (तिथलं तांत्रिक विद्यापीठ) २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून युरोपाबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना फी लावली, मास्टर्सला सेमिस्टरला ४००० ते ६००० युरो. नाव मोठं असलं तरी माझ्या यादीतून ते गेलं.

खरा वेळ खातं ते क्रेडिट जुळवणं. गणित, थर्मोडायनॅमिक्स, मेकॅनिक्सचे किती क्रेडिट हवेत हे कोर्सच्या नियमावलीत असतं. आपला सिलॅबस शेजारी उघडून एकेक विषय ताडून बघावा लागतो. कन्सल्टन्सीने माझा सिलॅबस मागितलाही नाही. मागितलं काय, तर नवा ईमेल आयडी, त्याचा पासवर्ड त्यांच्याकडे राहणार. इथे मी उठले. युनि-असिस्टवर (बऱ्याच जर्मन विद्यापीठांचे अर्ज घेऊन तपासणारी वेबसाइट) स्वतःचं खातं उघडता येतं, पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकी ३०. माझ्या अर्जाचं पत्र आधी दुसऱ्याने का वाचायचं?

प्रायव्हेट म्हणजे बोगस, असं मात्र मी म्हणत नाही. राज्यमान्यता असेल तर डिग्री खरीच असते, आणि सीजीपीए खरंच कमी असून घरून पैसे येणार असतील तर तोही एक रस्ता आहे. तो एकमेव रस्ता म्हणून दाखवू नये, इतकंच.

एक स्टार त्या कागदावरच्या आकड्यांना. दुसरा पप्पांच्या प्रश्नाला आढेवेढे न घेता उत्तर दिल्याबद्दल. पहिली भेट फुकट असते, तेवढी जरूर घ्या, वही घेऊन जा, सही कशावरही करू नका. आणि एपीएसचा अर्ज आधी टाका. हिवाळी सत्राची मुदत पुष्कळ ठिकाणी १५ जुलैला संपते, काही ठिकाणी त्याच्याही आधी, आणि युनि-असिस्टला कागद तपासायला चार ते सहा आठवडे लागतात.