'फोर्स ऑफ नेचर' की 'द रिच्युअल': रानात वाट चुकलेल्यांची कुठली गोष्ट आधी वाचावी?

डोंगरात नियमित जात असाल आणि ग्रुपमधल्या कुरबुरी जवळून पाहिल्या असतील, तर आधी जेन हार्परची 'फोर्स ऑफ नेचर' घ्या. भयकथांची ओढ असेल, रक्तामांसाची वर्णनं सोसत असतील, तर ॲडम नेव्हिलची 'द रिच्युअल'. माझा कौल हा. पण दोन्हींचं कथाबीज इतकं सारखं आहे की मलपृष्ठावरचा मजकूर वाचून निवडणाऱ्याची गल्लत होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

'फोर्स ऑफ नेचर' २०१७ ची. मेलबर्नच्या एका कंपनीतल्या पाच जणी ऑफिसच्या टीम बिल्डिंगसाठी गिरालँग नावाच्या डोंगररांगेत जातात. ही डोंगररांग लेखिकेने कल्पनेतून उभी केली आहे. परतायची वेळ उलटून जाते आणि चौघीच बाहेर येतात. पाचवी, ॲलिस रसेल, आत राहिलेली. तिच्या शोधात येणारा पोलीस अधिकारी ॲरन फॉक आर्थिक गुन्ह्यांचा तपास करणारा आहे, आणि ॲलिस त्याला कंपनीची कागदपत्रं गुपचूप पुरवत होती. म्हणजे ती रस्ता चुकली, पळाली की तिचा काटा काढला गेला, हे तिन्ही प्रश्न पहिल्या काही पानांतच उभे राहतात.

'द रिच्युअल' २०११ ची. कॉलेजातले चार मित्र, ल्यूक, हच, फिल आणि डॉम, बऱ्याच वर्षांनी एकत्र येऊन उत्तर स्वीडनच्या रानात चालायला जातात. तिघांचे संसार थाटलेले, ल्यूक एकटा, तुटपुंज्या कमाईवर दिवस काढणारा. रानात एका झाडावर फाडून टांगलेलं जनावर दिसतं, पुढे एक पडकं घर लागतं, आणि त्या घराच्या माळ्यावर जे दिसतं ते मी इथे सांगत नाही.

दोन्ही पुस्तकांत वाट चुकते, पण कशी चुकते ते बघा. खांडसहून भीमाशंकर चढलेल्यांना नेव्हिलचा पेच लगेच कळेल. शिडी घाट जवळचा, पण शिड्यांचा आणि छाती भरून आणणारा. गणेश घाट लांबचा, पण सोपा. बरोबरच्या एकाचा गुडघा दुखत असेल तर कुठून जायचं? इथे डॉमचा गुडघा दुखावलेला आहे, फिलच्या पायांना फोड आले आहेत, आणि हच ठरवतो की आखलेली लांब वाट सोडून रान कापून जाऊ. ज्यांच्या सोयीसाठी जवळची वाट धरली, त्यांनाच ती सगळ्यांत जड जाते. मग "कोणी आणलं आपल्याला इथे?" सुरू होतं आणि गोष्ट हात उगारण्यापर्यंत जाते. पाऊस, ओले बूट, संपत आलेलं खाणं, आणि ज्याच्यामुळे सगळे रेंगाळतात त्याच्याबद्दल मनात साचणारी चीड: हे नेव्हिलने फार खरं लिहिलंय. अशी चीड आपल्यालाही कधी ना कधी आलेली असते, पण ती कोणी बोलून दाखवत नाही.

हार्परकडे असा एकच मोठा निर्णय नाही. तिथे वाट थोडीथोडी हातातून सुटते. सह्याद्रीतही बहुतेक वेळा असंच होतं. मळलेली वाट कारवीत शिरते, पुढे दोन-तीन ढोरवाटा फुटतात, पुढचा थांबायला कचरतो आणि मागचे गप्प राहतात. या पाच जणींत गप्प राहण्याची कारणं ऑफिसातून आलेली आहेत. जिल बेली कंपनीची मालकीण आहे. ॲलिस वरच्या पदावरची, तोंडाने फटकळ. ब्री होतकरू, वरिष्ठांच्या नजरेत भरायला धडपडणारी. तिची जुळी बहीण बेथ पूर्वी व्यसनात अडकलेली, तिच्यावर कोणाचा भरवसा नाही. लॉरेन ही ॲलिसची शाळेपासूनची मैत्रीण, पण त्या मैत्रीत कोण वरचढ हे शाळेतच ठरून गेलेलं. नकाशा कोणाच्या हातात आणि शब्द कोणाचा खरा, हे या उतरंडीवर ठरतं. ज्यांना अंधेरीच्या किंवा बीकेसीच्या ऑफिसातून कर्जत-कोलाडला अशाच कार्यक्रमासाठी बसमध्ये बसवून नेलंय, त्यांना यातली एकेक व्यक्ती ओळखीची वाटेल. मॅनेजरला "सर, आपण चुकलोय" असं सांगणं शनिवारी डोंगरातही सोपं नसतं.

आणि तो फोन! सगळ्यांनी फोन मागे ठेवायचे असा नियम असतो, ॲलिस मात्र स्वतःचा लपवून आणते. वाट हरवल्यावर तो बाहेर निघतो आणि पाचही जणींचं जग त्या पडद्यावरच्या बॅटरीएवढं उरतं. रेंज येते, जाते. कोणी बोलायचं, किती वेळ शोधायचं, पुन्हा कधी चालू करायचा, यावरून भांडणं होतात. इकडे फॉकच्या फोनवर पहाटे ॲलिसचा एक तुटक, खरखरता निरोप येऊन पडलेला असतो. त्यातले जेमतेम दोन शब्द कळतात, आणि ते चांगले नसतात. सस्पेन्स कसा रचावा हे शिकायचं असेल तर या एका फोनचा प्रवास पुस्तकभर मागोवा घेत वाचा.

रचनेतही दोघांची जात वेगळी आहे. हार्पर एक प्रकरण शोधमोहिमेचं आणि एक त्या पाच जणींच्या दिवसांचं, असं आलटून पालटून देते. चौघी सुटल्या हे आपल्याला आधीच माहीत असतं, त्यामुळे लक्ष "काय होणार" वरून "कोण खोटं बोलतंय" इकडे वळतं. नेव्हिल ल्यूकला धरून सरळ पुढे जातो आणि कोण वाचेल याची कुठलीच हमी देत नाही. रात्री वाचताना श्वास कोंडतो तो यामुळे. नारायण धारप वाचून वाढलेल्यांना ते जुनं, माणसाआधीचं, भुकेलं रान फार परकं वाटणार नाही. आपल्याकडे चकवा लागतो म्हणतात, त्याचं अत्यंत क्रूर रूप इथे भेटतं.

आता उणिवा. 'द रिच्युअल'चे दोन भाग आहेत, आणि दुसऱ्यात गोष्टीचा बाज पार बदलतो. चार मित्रांची पायपीट संपते, ब्लॅक मेटल हे कर्कश, काळोखं रॉक संगीत वाजवणारी काही तरुण मंडळी येतात, आणि रानाने जी दहशत गप्प राहून घातली होती ती संवादांत सैल होते. मला हा भाग लांबलेला वाटतो. काहींना तोच जास्त आवडतो हेही खरं. पण मित्रांच्या गोष्टीसाठी पुस्तक घेणार असाल तर ती पहिल्या भागात आहे हे धरून चला. 'फोर्स ऑफ नेचर'मध्ये मार्टिन कोव्हॅक या जुन्या खुन्याची सावली त्या डोंगरावर आणली आहे. तो धागा मला ओढून आणलेला वाटला. त्या पाच जणी एकमेकींना पुरेशा धोकादायक आहेत, बाहेरच्या खुन्याची गरज नव्हती. शेवट मात्र पटतो, कारण तो त्यांच्या जुन्या देण्याघेण्यातून येतो.

भाषेचा मुद्दा महत्त्वाचा. मराठी माध्यमातून शिकून हल्ली इंग्रजी कादंबऱ्यांकडे वळलेल्या वाचकांना हार्पर सोपी जाईल. तिची वाक्यं आटोपशीर आहेत, प्रकरणं लोकलच्या प्रवासात बसतील अशी. नेव्हिल झाडं, शेवाळ, कुजट वास यांवर परिच्छेद खर्च करतो. ते गर्दीत उभ्याने वाचण्याचं लिखाण नाही, त्याला घरची शांतता द्या.

फॉक ज्यात पहिल्यांदा भेटतो ती हार्परची 'द ड्राय' आधी वाचायलाच हवी असं नाही. वाचलीत तर वडिलांबद्दलचं त्याचं मौन जास्त कळेल, इतकंच. दोन्ही पुस्तकांवर सिनेमे आहेत. 'द रिच्युअल'चा २०१७ चा सिनेमा चांगला आहे, पण त्यात दुकानातल्या दरोड्यात मारल्या गेलेल्या मित्राची गोष्ट नव्याने जोडली आहे आणि उत्तरार्धही बदलला आहे. तेव्हा सिनेमा पाहिलेल्यांनाही पुस्तकात बरंच नवं मिळेल. हार्परवरचा, एरिक बॅनाचा सिनेमा २०२४ मध्ये आला. रहस्य एकदा कळलं की पुस्तकाची निम्मी मजा जाते, त्यामुळे आधी पुस्तकच.

आणखी दोन पर्याय. ल्यूसी क्लार्कची 'द हाइक' २०२३ ची: नॉर्वेच्या डोंगरात गेलेल्या चार जुन्या मैत्रिणी, प्रत्येकीच्या पाठीवर सॅकबरोबर घरातलं काहीतरी लपवलेलं ओझं. वेग जबरदस्त, खोली कमी. अशा कादंबऱ्या पूर्वी वाचल्याच नसतील, तर सुरुवातीला हीच घ्या.

जेम्स डिकीची 'डेलिव्हरन्स' १९७० ची, आणि लिखाणाचा कस पाहिला तर या चौघांत तीच वरची. चार शहरी पुरुष धरणात बुडणार असलेल्या नदीतून होड्या घेऊन निघतात. डिकी मुळात कवी, नदीचं पाणी तो असं लिहितो की हात ओले होतात. कोयना-उजनीखाली गेलेल्या गावांच्या आठवणी ज्या घरांत अजून निघतात, तिथल्या वाचकाला त्या बुडणाऱ्या खोऱ्याचं दुःख वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. पण तिच्यात लैंगिक अत्याचाराचा एक अतिशय भयंकर प्रसंग आहे. कोणाला भेट देणार असाल तर हे आधी सांगा. पुस्तकाचं वय पाहता फोर्टच्या फुटपाथवर जुनी प्रत मिळण्याची शक्यता या चौघांत हिचीच जास्त.

ग्रुपमध्ये मिळून वाचून चर्चा करायची असेल तर 'फोर्स ऑफ नेचर'च निवडा, आणि निम्म्यावर थांबून प्रत्येकाला विचारा की पहिल्यांदा "मागे फिरूया" कोणी म्हणायला हवं होतं. ट्रेक लीडरची जबाबदारी घेणाऱ्या नव्या मुलामुलींबरोबर ही चर्चा जरूर करा. जून लागायच्या आत झाली तर उत्तमच.